मदत हवी आहे: बाळाला 'बालेस' झाला म्हणून पोटाला थुंकी लावतात, कसं थांबवू?

क्वेझोनकर: फिलिपिन्समध्ये क्वेझोन सिटीत राहतो. बायको इथल्याच बातांगास प्रांताची, बाळंतपणासाठी तिची आई (आमची नानाय) आली आहे. बाळ रोज संध्याकाळी रडतं. काल शेजारीण बघून गेली आणि रडणं सुरू झालं, तर नानायने तिला परत बोलावलं आणि बोटाला थुंकी लावून बाळाच्या पोटावर क्रॉस काढायला सांगितला. म्हणे बालेस झालाय, म्हणजे परक्या माणसामुळे बाळाला बाधा झाली. नानायला दुखवायचं नाही, पण हे मला चालणार नाही. आज परत पाहुणे येणार आहेत. 'आपली दृष्टच ती, सोडून द्या' असं कृपया लिहू नका. उपाय सांगा.

लिंबोणी: बाळ किती दिवसांचं? ताप आहे का? दूध नीट ओढतंय का? हे न सांगता उपाय कसा सांगणार?

रानवारा: दृष्टच आहे हो ती, फक्त नाव वेगळं. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका. नानायचंही समाधान आणि थुंकीही नाही.

टिटवी: नाही, रानवारा, दोन्ही एक नव्हेत. बालेस हा बातांगासकडचा शब्द, मनिलात त्यालाच उसोग म्हणतात आणि सेबूकडे बुयाग. आपल्याकडे नजर लागते ती बहुतेक हेव्याने. उसोगात हेवा लागत नाही. परक्या माणसाच्या अंगातली 'उष्णता' बाळाला बाधते अशी समजूत आहे, म्हणून ज्याच्यामुळे बाधली त्यानेच ती उतरवायची. थुंकी पाहुण्याचीच का, याचं उत्तर त्यात आहे. नानायला मीठ-मोहऱ्यांचा काही अर्थ लागणार नाही.

भीती थुंकीची आहे, शब्दांची नाही. हर्पीसचा विषाणू ओठावर फोड नसतानाही लाळेत असू शकतो. मोठ्यांना त्याचं विशेष काही होत नाही, पण नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत तो पोचू शकतो. तेव्हा विधी मोडू नका, त्यातली थुंकी तेवढी काढा. पाहुण्याने दारातच साबणाने हात धुवावेत, बाळाच्या पावलाला हात लावावा आणि 'प्वेरा उसोग', म्हणजे 'उसोग लागू नये', असं म्हणावं. नानायला आधी 'मानो पो' करा, म्हणजे तिचा हात आपल्या कपाळाला लावा, आणि मग 'साबी पो नी दोक' म्हणून सुरुवात करा. 'डॉक्टर म्हणाल्या' असं आलं की जावई विरुद्ध सासू असा सामनाच होत नाही.

क्वेझोनकर: हे जमेल, धन्यवाद. बाळ ११ दिवसांचं आहे. ताप नाही, दूध पितंय. नाळ अजून पडलेली नाही, त्यावर नाणं ठेवून बिगकिस, म्हणजे पोटपट्टी, बांधलंय. हे तरी ठीक ना?

टिटवी: नाही! आधी हेच लिहायला हवं होतं. पोटपट्टीखाली ओल आणि घाण अडकते, नाळ वाळायला वेळ लागतो आणि जंतू वाढतात. घट्ट बांधली तर बाळाला श्वास घेताना त्रास होतो, दूधही वर येतं. बेंबी आत जावी म्हणून नाणं ठेवतात, पण बेंबीचा आकार नाण्याने ठरत नाही. फिलिपिन्सच्या सरकारी नवजात काळजीच्या सूचनांतही बिगकिस बांधू नका असंच आहे. नाळ उघडी, कोरडी ठेवा आणि डायपर तिच्या खाली दुमडा. तेल, पावडर, अल्कोहोल काही नको. मुळाशी लाली, पू किंवा घाण वास दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

पोटाला चोळायची बाटलीही बघा. 'आल्कांपोरादो' लिहिलं असेल तर ते कापराचं तेल, आणि कापराने तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. ते घरातूनच काढा.

दूरदेश: मयताच्या घरून थेट बाळाकडे जाऊ नका. तिथे 'पागपाग' म्हणून वाटेत कुठेतरी थांबूनच घरी येतात. आणि जड जेवून झोपलं की बांगुंगोट, म्हणजे झोपेतच अचानक मृत्यू, होतो हेही कुठे वाचलं होतं, ते खरं का?

टिटवी: धागा बाळाचा आहे. थोडक्यात सांगतो. झोपेतल्या त्या अचानक मृत्यूंपैकी अनेकांमागे ब्रुगाडा सिंड्रोम, म्हणजे हृदयाच्या विद्युत लयीतला दोष असतो. तो १९९२ साली नीट नोंदला गेला. भात जास्त खाल्ल्याने होत नाही. घरात तरुण माणूस झोपेत गेला असेल तर बाकीच्यांचा ईसीजी काढायचा.

क्वेझोनकर: बिगकिस सोडवलं. नानाय नाराज आहे, कारण बायकोनेही तिचं ऐकलं नाही. रविवारी बायकोने केस धुतले, त्यावरून 'बिनात' (बाळंतिणीचं उलटलेलं दुखणं) झाला म्हणते. दोन दिवस डोकं दुखतंय ना तिचं, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आता सुओब देऊ म्हणते, पाल्याचा वाफारा. चालेल का?

लिंबोणी: थांबा. वाफारा नको. आत्ता रक्तदाब मोजा. घरी यंत्र नसेल तर बारांगाय (वस्तीच्या) हेल्थ सेंटरला मोजून देतात. ५ मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. १५ मिनिटांनी परत मोजा.

रानवारा: घाबरवू नका हो. ११ दिवस झोप नाही, डोकं दुखणारच. आपल्याकडेही बाळंतिणीला वारा लागतो म्हणून कानाला फडकं बांधतात, शेक-शेगडी देतात. चांगला शेक द्या.

लिंबोणी: झोप नसल्यानेही दुखत असेल. पण डोकेदुखीबरोबर काजवे असतील तर आधी रक्तदाब बघायचा, शेकाचं नंतर. गरोदरपणात रक्तदाब ठीक असला तरी बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणाशी जोडलेला उच्च रक्तदाबाचा आजार) होऊ शकतो आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर झटके येतात. बिनात या शब्दाची मला भीती वाटते ती यामुळेच. डोकेदुखी, ताप, रक्तस्राव, नैराश्य सगळं त्या एका शब्दात बसतं आणि दोष केस धुण्याला लागतो. वाफेत चक्कर येऊन पडणं, भाजणं हे धोके वेगळेच.

१४०/९० किंवा जास्त आणि ही लक्षणं असली तर आजच हॉस्पिटल. १६०/११० म्हणजे एक मिनिटही थांबायचं नाही. यंत्र मिळालं नाही तर या लक्षणांवरच निघा. दारातच सांगा: '११ दिवसांपूर्वी बाळंतपण, डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे.' दिवस सांगितले नाहीत तर साधी डोकेदुखी समजून बसवून ठेवतील.

क्वेझोनकर: १५२/९८. पंधरा मिनिटांनी १५६/१००. पायही सुजलेत, ते बाळंतपणाचंच समजत होतो. निघतोय.

टिटवी: बाळाला बरोबर घ्या, अंगावरचं दूध चालू राहू शकतं. डायपर आणि प्रसूतीची कागदपत्रं विसरू नका.

क्वेझोनकर: दाखल केलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम शिरेतून सुरू आहे, रक्तदाबाचं औषधही. डॉक्टरांनी नानायला समोर बसवून तगालोगमध्ये समजावलं. तिने एकच विचारलं, आंघोळ कधी.

लिंबोणी: डॉक्टर उठू देतील तेव्हा, कोमट पाण्याने. केसही धुवा. घरी गेल्यावर रोज दोनदा रक्तदाब मोजून वहीत लिहा. औषध बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही. वही नानायच्या हाती द्या, तिची त्या घरात नजर सगळ्यांत बारीक आहे.