नाशिकचा मातीचा नकाशा सगळ्यांसाठी खुला व्हावा का?

धागाकर्ता, इंदिरानगर
प्लॉट घेताना आपण एनए विचारतो, रस्ता विचारतो, पूररेषा विचारतो. खाली माती कसली आहे, हे कुणीच विचारत नाही. पांडवलेणीसारख्या टेकडीच्या बाजूला थोडं खणलं की मुरूम आणि मग कातळ. आडगावकडून निफाडच्या दिशेने जावं तशी काळी खोल होत जाते. ही काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत अख्खा हात जातो. जड इमारत तिला दाबून तरी धरते, पण एकमजली घर, कंपाउंड वॉल, फरशी यांना ती सरळ उचलते. उपाय नवे नाहीत. काळी उपसून मुरमाचा भराव घालायचा, नाहीतर निदान साडेतीन मीटर खोल अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, घ्यायचे. पण हे जागा घेण्याआधी कळलं तरच खर्चाचा अंदाज बांधता येतो. माझं म्हणणं, महापालिकेने शहराचा मातीचा नकाशा करून लोकांसमोर ठेवावा.

स्ट्रक्चरल इंजिनिअर, कॉलेज रोड
माझा ठाम विरोध. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने राज्याचा मातीचा नकाशा 1:2,50,000 प्रमाणावर केलेला आहे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. शेतीच्या नियोजनाला तो उत्तम, दोन गुंठ्यांच्या प्लॉटला शून्य उपयोगाचा. आपला खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय. वर कठीण पाषाण, खाली मांजऱ्या म्हणजे मऊ, छिद्राळ खडक, मध्येच लाल मातीचा पट्टा. एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत वेगळं लागू शकतं. जुनी विहीर बुजवलेली असेल तर विचारूच नका. नकाशा खुला झाला की उद्या ठेकेदार म्हणणार, "साहेब, नकाशात कातळ दाखवलाय, माती तपासायला बोअर कशाला मारता?" टेस्टचे पैसे वाचवायला लोकांना निमित्तच हवं असतं.

द्राक्ष बागायतदार, आडगाव
माझाही विरोध, पण कारण वेगळं. जमिनीला रंग दिला की भाव ठरतो. 2008 च्या पुरानंतर गोदावरीला निळी-लाल पूररेषा आखली, त्या रेषेच्या आत अडकलेल्यांना विचारा. उद्या आमच्या रानावर "बांधकामास अयोग्य" असा शिक्का बसला तर पोरीच्या लग्नाला किंवा आजारपणात जमीन विकायची वेळ आली की काय करायचं? उलट कुठे "योग्य" लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी दलाल बांधावर हजर. ब्रिटिशांनी जमिनीची प्रतबंदी, म्हणजे प्रतवारी, केली तीही मातीची खोली आणि पोत बघून, आणि सारा त्यावरूनच ठरला. माती मोजली की त्यामागे वसुली येतेच, हे आमच्या घरात आजोबांपासून ऐकतोय.

माती प्रयोगशाळेत काम करतो
टेस्ट म्हणजे फार मोठं काहीतरी, असं लोकांना वाटतं म्हणून लिहितो. फुगीरपणाची चाचणी अशी: भट्टीत वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या मोजपात्रांत टाकायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तासांनी बघायचं. रॉकेलमधली जागच्या जागी बसलेली असते, पाण्यातली वर चढलेली. दोन्ही आकडे वाचले की फरक समोर. हे माहीत असलेला माणूस घर बांधताना ठेकेदाराला प्रश्न विचारतो. नकाशा त्या प्रश्नापर्यंत नेत असेल तर माझा पाठिंबा.

धागाकर्ता
इंजिनिअर साहेब, रंगवलेले पट्टे मला नकोच आहेत. ठिपके हवेत. मोठ्या इमारतींसाठी बोअर झालेच आहेत, त्यांचे अहवाल फायलींत पडून आहेत. जिथे बोअर झाला तिथे ठिपका, त्यात किती खोलीवर काय लागलं आणि पाणी कुठे लागलं एवढंच. दोन ठिपक्यांच्या मधली जागा कोरी. कोरी जागा बघून कुणी बोअर टाळणार नाही, आणि त्यात योग्य-अयोग्य हा शब्दही कुठे येत नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर
ठिपके असतील तर मी विचार करेन. पण प्रत्येक ठिपक्यावर बोअरचं साल हवं. नंतर भराव पडला किंवा नाला वळवला तर जुना अहवाल कामाचा राहत नाही.

द्राक्ष बागायतदार, आडगाव
ठिपका माझ्या शेजारच्या प्लॉटवर पडला तरी भाव माझ्याच रानाचा पडणार. त्याचं काय? आणि एवढी खोल काळी घर बांधायला वाईट आहे हे सगळ्यांना पटतंय, तर मग शहर मुरमाकडे वाढवा की. इथे द्राक्षं राहू द्या, आणि ती राहावीत म्हणून पाण्याचं आणि हमीभावाचं आधी बोला.