नवीन लेदर जॅकेट मुद्दाम जुनं करायचंय (इंडियाना जोन्स), कुणी केलंय का?

ठाण्याचा_जोन्स:
मंडळी, प्रश्न विचित्र आहे, हसू नका. या वेळी मुंबईच्या कॉमिक कॉनला (जिथे लोक सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांचे वेश करून जातात) इंडियाना जोन्स करायचं ठरवलंय, १९८१ च्या पहिल्या पिक्चरमधला, हॅरिसन फोर्डने केलेला. टोपी आहे, चाबूक भावाने चामड्याच्या वाद्या विणून केलाय (बराच बरा झालाय), शर्ट पण झाला. जॅकेट धारावीच्या लेदरच्या दुकानातून शिवून घेतलं, मेंढीचं, डार्क ब्राउन, पाठीवर प्लीट, बाजूला पट्टे, पितळी चेन, सगळं फोटोबरहुकूम. पण ते इतकं नवीन आणि चकचकीत आहे की घालून आरशासमोर उभा राहिलो तर साप-विंचवांतून बाहेर आलेला माणूस दिसायच्या ऐवजी रिसेप्शनला निघालेला मुलाकडचा पाहुणा दिसतो. व्हिडिओत लोक सरळ पॉलिश पेपर मारताना दिसतात. मी पेपर आणून ठेवलाय, पण हात धजावत नाहीये, पैसे लागलेत हो. आई म्हणते नवीन वस्तू खराब करायला एवढे पैसे कशाला घातले, तुझ्या बाबांचं जुनं स्वेटर घाल. दोन आठवडे आहेत हातात. काय करू, कुठून सुरुवात करू?

विरारफास्ट:
आठवडाभर ते जॅकेट घालून संध्याकाळी ६ ची विरार फास्ट पकड दादरवरून. जॅकेट आणि जोन्स दोघंही जुने होतील.

ठाण्याचा_जोन्स:
😂 मला जॅकेट परत हवंय पण

पडद्यामागचा:
मी काही वर्षं मालिका आणि सिनेमाच्या कॉस्च्युम डिपार्टमेंटला काम केलंय, आमच्याकडे या कामाला ब्रेकडाऊन म्हणतात. सैनिकाचे कपडे, भिकाऱ्याचे कपडे, वीस वर्षं वापरलेली वर्दी, सगळं दुकानातून नवीनच येतं आणि मग आम्ही त्याची वाट लावतो. तेव्हा आईंना सांग, यावर लोकांचे संसार चालतात.

तू म्हणतोस त्या पिक्चरचीच गोष्ट सांगतो. कॉस्च्युम डिझायनर डेबोरा नडूलमन हिने ते जॅकेट हॅरिसन फोर्डच्याच स्विस आर्मी चाकूने आणि तारेच्या ब्रशने घासून जुनं केलं होतं. म्हणजे पद्धत तीच जी तू व्हिडिओत बघितलीस, फरक एवढाच की तिला कुठे घासायचं ते माहीत होतं. नवखे लोक सगळीकडे सारखं घासतात आणि मग जॅकेट जुनं न दिसता घासलेलं दिसतं. हे दोन वेगळे प्रकार आहेत.

पेपर हातात घ्यायच्या आधी घरात कुणाचं दहा-पंधरा वर्षं वापरलेलं पाकीट असेल तर ते बघ. कडा उडालेल्या असतात, कोपरे उडालेले असतात, जिथे घडी पडते तिथे घडीचा उंचवटा पांढुरका झालेला असतो पण घडीच्या आतली खाच मात्र गडदच राहते, कारण तिथे काही घासलंच जात नाही. जॅकेटलाही हेच. कॉलरची घडी, बाहीची कड, कोपर, खिशाच्या झाकणाची कड, चेनच्या बाजूची पट्टी, आणि जोन्सच्या बाबतीत ज्या खांद्यावरून बॅगेचा पट्टा जातो ती तिरकी रेघ. काखेत आणि कॉलरच्या खाली हात लावायचा नाही, तिथे ऊन नाही, घर्षण नाही, घाम आहे फक्त.

म्हणून घासण्याच्या आधी वळ्या पाड. कोमट पाणी स्प्रे बाटलीत घेऊन जॅकेट बाहेरून दमट कर, भिजवून निथळत नको, आणि अंगात घाल. हात वाक, बस, ऊठ, भांडी घास, काहीही कर, पण घालून राहा तासभर. मग अजून ओलसर असतानाच काढून बाह्या पिळून, गोळा करून सुतळीने गाठोडं बांध आणि रात्रभर ठेव. सकाळी सोडून हँगरला सावलीत वाळव. खिशात दोन दोन दगड टाक म्हणजे खिसे खाली ओढले जातात, रिकामा खिसा कधी जुना दिसत नाही. हे सगळं दोनदा-तीनदा केलंस की अर्धं काम झालं आणि अजून एक ओरखडाही काढलेला नाहीस.

मग चकाकी. धारावीचा बहुतेक माल फिनिश मारलेला असतो, म्हणजे कातड्यावर रंगाचा आणि वर चमकेचा पातळ थर. तो कापसाला ॲसिटोन लावून हलक्या हाताने उतरतो. आधी आतल्या बाजूला खालच्या पट्टीवर टेस्ट कर. आणि लायनिंगवर थेंब पडू देऊ नकोस, काही अस्तरं ॲसिटेटची असतात, ती ॲसिटोनमध्ये अक्षरशः विरघळतात, आमच्या एका पोराने कोटाच्या अस्तराला ताटलीएवढं भोक पाडलं होतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, सिगरेट नाही.

शेवटी पेपर. मेंढीचं कातडं पातळ असतं, एक मिलिमीटरच्या आतच बहुतेक वेळा, म्हणून ८० नंबर वगैरे बघू पण नकोस, नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत. ३२० ने सुरू कर, फक्त उंचवट्यांवर, जॅकेट अंगात असताना कुणाकडून तरी वळ्यांचे उंच भाग खडूने मार्क करून घे. तारेचा ब्रश बाह्यांच्या कडेला आणि शिवणीवर दोन-चार फटके, बस. दर पाच मिनिटांनी दहा पावलं लांब जाऊन बघायचं. जवळून कमी वाटतं, लांबून जास्त झालेलं असतं. मास्क लाव, ती धूळ छातीत जायची वस्तू नाही.

आणि सगळ्यात शेवटी मुलतानी माती. हो तीच, चेहऱ्याला लावायची. जगभर सिनेमात धुळीसाठी तीच वापरतात, इंग्रजीत तिचं नाव फुलर्स अर्थ. जुन्या मोज्यात भरायची, तोंड बांधायचं आणि जॅकेटवर हलके फटके मारायचे, मग कपड्याने पुसून टाकायची. शिवणीत आणि खाचांत जी उरते ती खरी धूळ वाटते. आमच्या सेटवर गोण्याच्या गोण्या लागायच्या.

प्रश्नांकित:
माझं पण एक जॅकेट आहे, ऑनलाईन घेतलेलं, लेदर म्हणून. त्यावर चालेल का हे?

पडद्यामागचा:
आधी ते लेदर आहे का बघा. कापलेली कड किंवा आतली बाजू उघडी असेल तर तिथे बोटाने खरवडा, बारीक तंतू दिसले तर कातडं. विणलेलं कापड आणि वर सोललं जाणारं प्लास्टिक दिसलं तर ते रेक्झिन. रेक्झिन घासून जुनं होत नाही, त्याचे फक्त पापुद्रे निघतात. कसं दिसतं ते बघायचं तर कुठल्याही जुन्या रिक्षाची सीट बघा.

जर्सीची_सून:
मी न्यू जर्सीत असते, नवऱ्याच्या हॅलोवीनसाठी हाच उद्योग तीन वर्षांपूर्वी केला होता, म्हणून काय करू नये ते सांगते. जॅकेट थ्रिफ्ट स्टोअरमधून (वापरलेल्या वस्तूंचं दुकान) घेतलेलं, म्हणजे पैशाचं एवढं टेन्शन नव्हतं. पाणी मारून वळ्या पाडल्या, मस्त पडल्या, आणि मग दुसऱ्या दिवशी पार्टी म्हणून घाई घाईत ड्रायरमध्ये टाकलं, फुल हीटवर. चाळीस मिनिटांनी बाहेर आलं ते पापड. बाह्या दोन बोटं आखूड, कोपराला पुठ्ठ्यासारखं कडक. ओलं चामडं तापलं की आतले तंतू आकसतात आणि मग ते काही केल्या परत येत नाहीत हे मला नंतर कळलं, किती क्रीम लावलं तरी. नवरा त्या वर्षी पायरेट झाला. तर ड्रायर नाही, हेअर ड्रायर नाही, इस्त्री तर नाहीच, आणि तुमच्याकडचं दुपारचं ऊन पण नको.

बुलेटराजे_कोल्हापूर:
मला हा प्रकारच पटत नाही बघा. माझं जॅकेट १४ वर्षं झाली, बुलेटवर, ऊन पाऊस धुरळा सगळं बघितलंय त्याने, आज तुम्ही पेपर घासून तसं आणाल का? नाही येणार. पण असो, दोन आठवड्यात १४ वर्षं कुठून आणणार, कळतंय मला.

एकच सांगतो. घासून झालं की कुणीतरी तुम्हाला खोबरेल तेल चोळा म्हणून सांगेल. करू नका. आमच्याकडे चपलेला तेल लावतात ते बघून मी जॅकेटला लावलं होतं. पण कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, जाड, तेल पिणारं. जॅकेटचं कातडं क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, पातळ. ठिपके पडले काळे, कपाटात बाकीच्या कपड्यांना डाग, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावर बुरशीची अशी काय बाग फुलली की बास. घासलेलं चामडं कोरडं पडतं हे खरं, त्याला लेदरचं क्रीम लावा, रंग नसलेलं, एकदम थोडं.

ठाण्याचा_जोन्स:
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. गाठोडं पद्धत तीनदा केली, भन्नाट आहे, जॅकेटचा चेहराच बदलला. आई सकाळी उठली तर डायनिंग टेबलवर सुतळीत बांधलेला ओला तपकिरी गोळा, तिला वाटलं मी मटण आणून बाहेरच विसरलो.

खिशात दगड टाकून हँगरला टांगून ठेवलंय. ॲसिटोनने चमक गेली. कॉलर आणि कडा ३२० ने केल्या, छान झाल्या. पण उजव्या कोपरावर जरा जोर झाला, मॅच बघता बघता घासत होतो, आणि आता तिथे रुपयाच्या नाण्याएवढा निळसर राखाडी डाग आलाय. ब्राउनच्या खाली ग्रे कसा काय? फसवलं का मला दुकानदाराने?

पडद्यामागचा:
नाही रे, फसवलं नाही. क्रोममध्ये कमावलेलं कातडं मुळात निळसर राखाडीच असतं, ब्राउन रंग वरून आत जितका मुरला तितकाच. तू रंगाच्या पलीकडे पोचलास. मॅच बघताना कोण घासतं पण.

दुरुस्त होतं. मोचीकाकांकडे चामड्याचा स्पिरिटवाला रंग मिळतो, त्यातला तुझ्या जॅकेटपेक्षा दोन शेड फिका, टॅन घे. कापसाच्या काडीने फक्त ग्रे भागावर, पातळ, वाळू दे, परत एक हात. तिथे डार्क ब्राउन लावलास तर पॅच मारल्यासारखा दिसेल, टॅन लावलास तर वाटेल घासून खालचं चामडं दिसतंय. मग डाव्या कोपरावर पण थोडं टॅन, पण सारखं नको. जोन्स उजव्या हाताने चाबूक मारतो, उजवं कोपर जास्त झिजलेलं चालतंय, उलट बरंच.

जर्सीची_सून:
चेनचं पण बघा. आमचं जॅकेट वाचलं असतं तरी ती नवीकोरी पिवळीधमक चेन लांबून ओरडत होती.

पडद्यामागचा:
हो ते राहिलंच. पितांबरीचं उलट काम करायचंय. पितळेवर लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक थर असतो तो ॲसिटोनने पुसून काढ, मग व्हिनेगरमध्ये मीठ घालून कापसाने लाव, पुसू नकोस, रात्रभर राहू दे, काळपट होईल. सकाळी ओल्या फडक्याने मीठ काढ नाहीतर चेन अडकेल. कापडाला आणि चामड्याला लागू नये म्हणून दोन्ही बाजूला चिकटपट्टी.

ठाण्याचा_जोन्स:
टॅन लावलं, वाळतंय. लांबून खरंच बरं दिसतंय, आईला दाखवलं तर म्हणाली कोपराला रफू करून देऊ का. मुलतानी माती तिच्याच डब्यातली घेतलीये, ते अजून सांगितलेलं नाही.