टाचेच्या अल्ट्रासाउंड तपासणीत आठ महिन्यांत −१.६ वरून −२.७ : आईच्या हाडांबद्दल मदत हवी आहे

महालकर

नमस्कार. आईच्या हाडांविषयी पुढे काय करावे हे आम्हाला ठरवता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आई ६८ वर्षांची आहे, वजन ४७ किलो. आम्ही नागपुरात महालात राहतो. गेल्या श्रावणात आमच्या भागातील एका शिबिरात हाडांची मोफत तपासणी होती. टाचेला जेल लावून पाय एका लहान यंत्रात ठेवला आणि काही मिनिटांत चिठ्ठी हातात दिली. तिच्यावर टी-स्कोअर (हाडांच्या मजबुतीचा आकडा; जितका उणे तितकी हाडे कमजोर) −१.६ होता आणि खूण पिवळ्या पट्ट्यात होती. थोडी झीज आहे, कॅल्शियम घ्या, एवढेच सांगितले गेले. या चैत्रात दुसऱ्या एका शिबिरात तशीच तपासणी झाली. यंत्र वेगळे होते, आणि या वेळी आकडा −२.७, तोही तांबड्या पट्ट्यात. ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) झाला आहे असे तेथे सांगण्यात आले आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीचे नाव कागदावर लिहून दिले.

त्या दिवसापासून आई वाड्याचा जिना उतरायला घाबरते. पहाटे सडा-रांगोळी केल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे, ते तिने सोडून दिले आहे. हाडे अशी भराभर विरघळत असतील तर आपण अंथरुणालाच खिळणार, ही भीती तिच्या मनातून काही केल्या जात नाही.

आठ महिन्यांत हाडांची एवढी झीज खरोखर होऊ शकते का? टाचेवरून कंबरेच्या आणि खुब्याच्या हाडांची स्थिती कळते का? आणि लिहून दिलेली गोळी लगेच सुरू करावी का? आईला आम्लपित्ताचा त्रास आहे, म्हणूनही ही गोळी द्यायला मन धजत नाही.

उपयोगी पडेल म्हणून आणखी दोन गोष्टी नोंदवतो. संधिवातासाठी ती दोन वर्षांपासून रोज ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेते. दीड वर्षापूर्वी ओल्या अंगणात घसरून तिचे डावे मनगट मोडले होते. प्लास्टर काढल्यावर हात पूर्ववत झाला.

ध्वनिलहरी

महालकर, मी एका इमेजिंग सेंटरमध्ये तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही एवढेच सांगतो.

टाचेच्या यंत्रात एका बाजूने अल्ट्रासाउंड लहरी सोडतात आणि दुसऱ्या बाजूने त्या पकडतात. दोन गोष्टी पाहिल्या जातात : लहरींचा टाचेतून जाण्याचा वेग, आणि वारंवारता वाढत जाते तशी त्यांची शक्ती किती क्षीण होत जाते. हाड भरीव असेल तर वेग जास्त असतो आणि क्षीण होण्याचे प्रमाणही जास्त असते. विरळ हाडात दोन्ही उतरतात. ही दुसरी पद्धत १९८४ साली मांडली गेली. टाच निवडण्याचे कारण असे की हे हाड शरीराचे वजन पेलते, त्वचेच्या जवळ असते आणि बहुतांशी आतून जाळीदार असते. जाळीदार हाडाची झीज लवकर होते, आणि मणक्यांतही तेच हाड मोठ्या प्रमाणात असते. या तपासणीत क्ष-किरण नसतात आणि यंत्र उचलून कुठेही नेता येते, म्हणून शिबिरांत ते सोयीचे पडते. ६५ वर्षांवरील स्त्रियांमध्ये हाड मोडण्याचा धोका किती, याचा अंदाज या तपासणीतून येतो हे सिद्ध झालेले आहे. ती कुचकामी आहे असे मी म्हणणार नाही.

मात्र ऑस्टिओपोरोसिस ठरवणारी −२.५ ची जी रेषा सर्वांच्या तोंडी आहे, ती जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली आणि ती डेक्सा तपासणीतील खुबा, कंबरेचे मणके व मनगटाजवळचे हाड यांना लागू होते. डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरून दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज आहे ते मोजतात. टाचेच्या यंत्रावरचा −२.७ आणि खुब्याच्या डेक्सावरचा −२.७ हे दिसायला सारखे, पण अर्थाने वेगळे आकडे आहेत. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीपासूनचे अंतर. प्रत्येक कंपनीचे यंत्र त्यासाठी आपापला संदर्भगट वापरते आणि मोजण्याची रीतही वेगळी असते. म्हणून दोन वेगळ्या यंत्रांवरचे −१.६ आणि −२.७ एकमेकांतून वजा करून झीज काढता येत नाही. पाय यंत्रात थोडा तिरपा बसला, टाचेला सूज असली किंवा त्वचेचे तापमान वेगळे असले तरी आकडा हलतो. श्रावण आणि नागपूरचा चैत्र यांतला फरक आपल्याला ठाऊकच आहे. उपचारांचा परिणाम पाहण्यासाठीही टाचेची तपासणी वापरत नाहीत.

आपल्या आईंची हाडे आठ महिन्यांत एवढी झिजली असे या दोन चिठ्ठ्यांवरून म्हणता येत नाही, हे त्यांना अवश्य सांगा.

रानजाई

ध्वनिलहरी यांचे म्हणणे पटले. पण महालकर, आपण शेवटी जाता जाता जे दोन मुद्दे नोंदवलेत, ते मला दोन्ही चिठ्ठ्यांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आम्ही नेमकी हीच चूक केली होती, म्हणून कळकळीने लिहिते.

उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे हे ठिसूळ हाडांचे लक्षण समजतात. ५ मि.ग्रॅ. किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त काळ घेणे हा स्वतंत्र धोका आहे; त्या गोळ्यांवर असताना घनता फारशी उतरलेली नसतानाही हाड मोडू शकते. याचा अर्थ श्रावणातला −१.६ पाहून निर्धास्त होणेही बरोबर नव्हते. मात्र भीतीपोटी स्टिरॉइड एकदम बंद करू नका, ते धोक्याचे असते. मात्रेबद्दल संधिवाताच्या डॉक्टरांशीच बोला.

शेफिल्ड विद्यापीठाने २००८ साली काढलेली फ्रॅक्स नावाची गणनपद्धती आहे. वय, वजन, आधीचे अस्थिभंग, स्टिरॉइड वगैरे माहितीवरून पुढील दहा वर्षांतील धोका ती सांगते. तिच्यात भारताचा पर्याय आहे आणि डेक्साशिवायही ती वापरता येते. त्यात टाचेचा आकडा मात्र भरू नका. तेथे खुब्याच्या मानेचे डेक्साचेच माप चालते.

एक विचारते. आईंची उंची कमी झाली आहे का? सासूबाईंचा एक मणका कधी दबला हे आम्हाला कळलेच नाही. पाठ दुखते ती वयामुळे, असेच आम्ही धरून चाललो होतो.

महालकर

आपण दोघांनीही वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. रानजाई, आपला प्रश्न वाचून मी आईला दाराच्या चौकटीशी उभे करून मोजले. उंची १४७ सें.मी. भरली. जुन्या कागदपत्रांत ती १५२ आहे. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे हाताला येत नाहीत असे ती वर्षभर म्हणत होती. आम्ही डबे खाली आणले आणि विषय तिथेच संपला. आता त्याचे फार वाईट वाटते आहे.

रानजाई

वाईट वाटून घेऊ नका. आमच्याही घरी हेच झाले होते. उंची ४ सें.मी. किंवा त्याहून जास्त घटली असेल तर मणका दबला आहे का हे पाहावे लागते. पाठीचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे त्यासाठी पुरतो. तो पाहिला जाईपर्यंत त्यांना वाकून वजन उचलू देऊ नका. पाण्याची बादलीसुद्धा नको.

गोळीबद्दल सांगायचे तर, आठवड्याची अशी गोळी सहसा ॲलेंड्रोनेट असते. ती उपाशीपोटी भरपूर साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. आम्लपित्त असेल तर डॉक्टर वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या औषधाचाही विचार करतात. कोणतेही औषध सुरू करण्याआधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामासाठी) रक्तात तपासणे आवश्यक आहे. ऊन भरपूर म्हणून नागपुरात ड जीवनसत्त्व कमी पडत नाही, या समजुतीवर विसंबू नका. उन्हाळाभर आपण खिडक्या लावून कूलरसमोरच बसलेले असतो.

ध्वनिलहरी

डेक्साची वेळ घेताना फोनवर स्पष्ट विचारा की तपासणी खुबा आणि कंबर या दोन्हींची आहे ना. 'बीएमडी' (हाडांची खनिज घनता) या एकाच नावाखाली काही ठिकाणी टाचेचीच तपासणी होते. कंबरेच्या मणक्यांवर वयोमानाने हाड वाढलेले असेल तर तेथील आकडा खोटा चांगला दिसतो, म्हणून आईंच्या वयात खुब्याचा आकडा नीट पाहावा. डेक्सातील किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी असतो. पुढची तपासणी शक्यतो याच डेक्सा यंत्रावर करा, म्हणजे तुलना करता येईल.

मणके आणि खुबा थेट तपासणारे एक नवे अल्ट्रासाउंड तंत्रही इटलीतून आले आहे. ते या टाचेच्या यंत्राहून वेगळे आहे. कोणी सुचवल्यास गल्लत होऊ देऊ नका.

महालकर

आजच धंतोलीतील एका केंद्रात फोन केला. तेथे खुबा आणि कंबर या दोन्हींची डेक्सा होते. परवा सकाळची वेळ मिळाली आहे आणि पाठीचा एक्स-रेही तेव्हाच होईल. रक्त उद्या देणार आहोत. सर्व अहवाल घेऊन संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊ. तोवर ती गोळी आणलेली नाही. ध्वनिलहरी यांचा पहिला प्रतिसाद आईला वाचून दाखवला. 'म्हणजे दोन्ही तराजू वेगळे होते,' असे ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी खाली अंगणात येऊन बसली. सडा सध्या मी घालतो.