हार्ड डिस्क टकटक करतेय, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवू का?

प्रश्न: १ टीबीची २.५ इंची डिस्क. फाइल उघडताना लॅपटॉप अडकतो. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा इशारा देतं, त्यातल्या सी५ या नोंदीची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) १८.

उत्तर १: चेकडिस्क अजिबात नको! ‘/आर’ (खराब जागा शोधायचा पर्याय) दिलं की ते अख्खी डिस्क वाचत बसतं, आणि खराब होत चाललेलं हेड (डेटा वाचणारा भाग) तेवढ्यात जाऊ शकतं. सी५ म्हणजे वाचता न आलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे). तो १८ चा आकडा बहुधा हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) आहे, म्हणजे प्रत्यक्षात २४. महत्त्वाच्या फाइली आधी बाहेर काढा. टकटक वाढली तर लगेच बंद करा; पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

उत्तर २: टकटक थांबली असेल तरच लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम). पहिली फेरी ‘-एन’ने (अवघड भाग खरवडत न बसता), नंतर ‘-आर३’ (राहिलेले भाग तीनदा पुन्हा वाचून). मॅपफाइल (काय वाचून झालं त्याची नोंद) ठेवाच, काम तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होतं. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी.

उत्तर ३: फक्त सी७ (डेटा केबलमधून जातानाच्या चुका) वाढत असेल तर आधी केबल तपासा.