चालताना पोटऱ्या भरून येतात : कोणत्या तज्ज्ञांना दाखवावे?

प्रश्न :
माझे वडील ६३ वर्षांचे असून त्यांना जुना मधुमेह आहे. गेले काही महिने चालू लागले की त्यांच्या पोटऱ्या, त्यातही उजवी, गोळा आल्यासारखी दुखते आणि घरापासून डेअरीपर्यंतचे अंतरही ते एका दमात जात नाहीत. कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, रोज तेलाने मालिश होते, तरी फरक नाही. नातेवाईक मणक्यात गॅप असेल असे म्हणतात. कोणाला दाखवावे?

प्रतिसाद १ :
मणक्याचा एमआरआय काढण्याआधी दुखणे थांबते कसे, ते बारकाईने पाहावे. धमनी अरुंद झाली असेल, तर साधारण ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखू लागते आणि नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत थांबते, कारण चालणाऱ्या स्नायूला लागणारे जादा रक्त तेव्हा लागत नाही. कमरेच्या मणक्यात नसा (मज्जातंतू) दबल्या असतील, तर उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. अशा रुग्णांना चालवत नाही, पण वाकून सायकल मात्र चालवता येते. वडील कसे थांबतात? विडी-तंबाखू आहे का? पावले गार लागतात का?

प्रश्नकर्ती :
ते विजेच्या खांबाला हात टेकून ताठ उभे राहतात, बसत नाहीत, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू लागतात. विडी तरुणपणापासून आहे. आज हात लावून पाहिले, तर उजवे पाऊल डाव्यापेक्षा गार लागले.

प्रतिसाद १ :
मग आधी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनना दाखवावे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा ०.९ किंवा त्याहून कमी असेल, तर पायाच्या धमन्यांत अडथळा असल्याचे मानतात. मात्र जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक होतात आणि अडथळा असूनही हा आकडा चांगला दिसू शकतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाब आणि कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) यांविषयी आपणहून विचारावे. विडी आजपासूनच बंद करावी. तिच्यासकट केलेले उपचार फार काळ टिकत नाहीत. रात्री पाऊल दुखून ते खाटेखाली सोडावेसे वाटणे, बोट काळवंडणे किंवा जखम न भरणे यांपैकी काहीही दिसले, तर दिवस घालवू नये. पाय अचानक पांढरा व थंड पडून असह्य दुखू लागला, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

प्रतिसाद २ :
मालिशविषयी कळकळीने सांगतो. एकच पोटरी अचानक सुजून गरम व घट्ट लागत असेल, विशेषतः शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेतते. असा पाय चोळू नये, तातडीने दाखवावा. दिवसभर उभे राहून संध्याकाळी पाय जड होणे आणि ते उंच ठेवल्यावर हलके वाटणे, हे मात्र बहुधा फुगलेल्या शिरांचे लक्षण असते.

प्रतिसाद ३ :
औषधांची यादीही सोबत न्यावी. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांमुळे काहींचे स्नायू दुखतात, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन पायांना मुंग्या येऊ शकतात. धमन्यांच्या विकारात स्टॅटिन हृदयाचेही रक्षण करते, त्यामुळे ती स्वतःहून बंद करू नये.