पाकिटावर नाव नको, आत मात्र हवंच
(अनुभव धागा: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले सरकारी नोकर)

गेल्या महिन्यात एका रिटायरमेंटच्या जेवणात विषय निघाला. पंगतीत आम्ही आठ जण. त्यातल्या पाच जणांनी कधी ना कधी वरिष्ठांविरुद्ध अर्ज केलेला आणि पाचही जणांची बदली झालेली. एकमेकांचं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून हा धागा. ऑफिसचं, साहेबांचं नाव नको. काय केलंत आणि पुढं काय झालं तेवढं लिहा.

आधी थोडा कायदा, कारण निम्म्यांना वाटत होतं की आपल्याला संरक्षण आहे. व्हिसलब्लोअर (म्हणजे गैरव्यवहार उघड करणारा) संरक्षण कायद्यावर 9 मे 2014 ला राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू करणारी अधिसूचना काही निघाली नाही. 2015 ला दुरुस्ती आली तीही कायदा पातळ करणारी: माहिती अधिकारात जी माहिती नाकारता येते, तसल्या दहा प्रकारांबद्दल तक्रारच नको. लोकसभेत मंजूर झाली, राज्यसभेत अडकली, 2019 ला लोकसभेबरोबर संपली.

रिटायर्ड जेई, खानापूर

मी ज्युनियर इंजिनिअर होतो. जंगलातला रस्ता. एमबीत (कामाच्या मोजमाप वहीत) तीन मोऱ्या, जागेवर एक. पावसाळ्यात मोरी नसली की तिकडं वाडी तुटते, म्हणून गप बसवेना. वरच्या ऑफिसला सहीनिशी लिहिलं. दहाव्या दिवशी माझाच अर्ज ‘अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन खाली आला, ज्यांच्याविरुद्ध लिहिला त्यांच्याच टेबलावर. साहेबांनी बोलावून चहा पाजला. “काय हो, आधी आम्हाला सांगायचं की!”

जूनमध्ये बदली अथणीला. जिल्हा तोच, त्यामुळं कागदावर ती शिक्षा दिसतच नाही. अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी दहावीला. दोन वर्षं शनिवारी रात्री घरी आणि सोमवारी पहाटेची पहिली बस.

महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबे, त्यांचं पुढं वाचलं. महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा असं सांगून. पत्र नावासकट टेबलाटेबलावर फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांना गोळी घातली. सीबीआयनं लुटमार म्हटलं. मला अथणीवर सोडलं म्हणायचं.

शिक्षिका, मराठी शाळा

अक्षर दासोहच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेच्या) तांदळाचा हिशोब. हजेरीला मुलं चाळीस, जेवणाच्या हिशोबात साठ. मी निनावी पत्र लिहिलं, कन्नडमध्ये, कारण मराठीत लिहिलं तर तालुक्यात बोट कुणाकडं जाणार हे उघड होतं. हात बदलून लिहिलं, दुसऱ्या गावच्या पोस्टात टाकलं. आठ दिवसांत हेडमास्तर म्हणाले, “बाई, तुमचं कन्नड अजून सुधारायला पाहिजे.”

कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. मराठीत तो भेदच नाही, त्यामुळं आमच्या हातून तो नेमका चुकतो. पत्रात चार ठिकाणी चुकला होता. नाव लपवलं, पण भाषा कुठं लपवणार?

केंद्र सरकारी नोकर, बेळगाव

आम्हाला कायदा नसला तरी ठराव आहे. दुबेंच्या खुनानंतर 2004 ला केंद्रानं काढला. तक्रार बंद पाकिटात, केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे. पाकिटावर ‘जनहितार्थ माहिती प्रकटन’ असं लिहायचं, स्वतःचं नाव-पत्ता नाही. आत मात्र नाव-पत्ता हवाच, निनावी घेत नाहीत. मी पाठवली. आयोगाकडून माझं नाव फुटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तक्रार ज्या रजिस्टरबद्दल होती, त्याला हात फक्त दोघांचे लागायचे, माझा आणि दुसऱ्या क्लार्कचा. चौकशीला माणसं आली आणि त्यांनी तेच रजिस्टर मागितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

क्लार्क, निपाणी

वरच्या काकांचं नशीब तरी बरं. तो ठराव केंद्राच्या नोकरांपुरता. आम्ही राज्याचे. लोकायुक्तांकडं जायचं तर फॉर्मबरोबर प्रतिज्ञापत्र लागतं, नोटरीसमोर सही. नोटरी आमच्याच गल्लीतला.

एका ऑडिटरची पत्नी

ह्यांना सस्पेंड नाही केलं. टेबल काढून घेतलं. अकरा महिने रोज दहाला जाऊन भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून पाचला परत. सहकारी संस्थांचं ऑडिट करणारे एस. पी. महंतेश यांना 2012 ला बेंगळूरमध्ये मारहाण होऊन ते गेले, तेव्हापासून माझे सासरे ‘गप ऱ्हावा’ एवढंच म्हणतात.

रिटायर्ड अधिकारी, चिकोडी

दुसरी बाजूही लिहितो, शिव्या द्या. एका कंत्राटदाराचं बिल मी अडवलं, तर माझ्यावर वर्षात सतरा निनावी अर्ज. प्रत्येकाला उत्तर लिहायचं. 2014 च्या कायद्यात जाणूनबुजून खोट्या तक्रारीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती मला योग्यच वाटते. पण तोच कायदा निनावी तक्रार घेतच नाही, हेही पटत नाही. कागद जोडलेले असतील तर कागद तपासा की, सही कशाला बघता?

वकील, बेळगाव

बदलीविरुद्ध लोक केएटीत (राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात) येतात तेव्हा मला एकच गोष्ट सिद्ध करता येत नाही: बदली तक्रारीमुळंच झाली. ऑर्डरवर ‘प्रशासकीय कारण’ लिहिलेलं असतं. 2014 च्या कायद्यात सिद्ध करायचा भार उलटा आहे. छळ झाला नाही हे ऑफिसनं दाखवायचं. पण छळ म्हणजे काय याची व्याख्याच नाही. टेबल काढून घेणं छळात बसतं का, यावर मी एक दिवस भांडू शकेन. माझं मत: कायदा आधी लागू करा, त्यात व्याख्या घाला आणि तक्रार केल्यापासून ठरावीक काळ बदलीला आपोआप स्थगिती द्या. आणि अर्ज खाली अहवालाला पाठवताना नावाचं पान काढून ठेवा. याला पैसाही लागत नाही.

बाईंसाठी: घटनेच्या 350 व्या कलमानं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मराठीतही.

शिक्षिका

माहीत आहे हो. पण मराठीत मांडलं की गाऱ्हाणं बाजूला राहतं आणि सीमाप्रश्न सुरू होतो.

पंचायतीत नवीन लागलेला

उद्योग खात्रीच्या (रोजगार हमीच्या) एनएमआरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, गोव्याला कामाला गेलेल्या माणसांची हजेरी लागते. फोटोवरून काढलेले फोटो ॲपवर चढवतात. माझ्याकडं तीन आठवड्यांचे आहेत. प्रोबेशन संपायला सात महिने. काय करू?

रिटायर्ड जेई, खानापूर

इथं याहून जास्त लिहू नकोस बाबा. तीन आठवडे, सात महिने, गोवा एवढ्यावरून तू कळतोस. रविवारी घरी ये, आधी वकिलांना फोन करू.