माळवदासाठी पाणी न पिणारा थर घरी बनवता येईल का? क्रशरची डस्ट वापरून बघितली, जमेना

केजकडचा
नमस्कार मंडळी, गावाकडं आमचं माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छपराचं, जुनं घर हाय, आजी अजून तिथंच राहते, स्लॅबच्या घरात उन्हाळ्यात जीव घाबरा होतो म्हणते आणि ते खरंच हाय. पण मागच्या दोन पावसाळ्यांपासून मधल्या खणात (दोन तुळयांमधल्या भागात) गळायलंय. दरवर्षी पांढरी माती आणतो, टाकतो, चोपतो, तरी झड लागली की आजीच्या बाजेशेजारी पातेली मांडावी लागतात.

एका व्हिडिओत बघितलं, वाळूला काहीतरी लावलेलं, पाणी टाकलं की अळवावरच्या थेंबासारखं पळतंय. मग मेणबत्त्या बनवणाऱ्याकडून स्टिअरिक अॅसिड आणलं, खडी क्रशरची डस्ट चाळून कढईत गरम केली, त्यात ते टाकून हलवलं. गार झाल्यावर थेंब टाकला तर थोडा वेळ उभा राहिला अन् मग सरळ आत शिरला. पाण्यात टाकून ढवळली तर वर पांढरा तवंग आणि डस्ट खाली बसली. काय चुकलं? आणि असा चार इंचाचा थर टाकला तर गळती थांबेल का?

रसायनवाला परभणी
दादा, तुमची कृती चुकली नाही, दगड चुकला. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, तो सिलिकेटचा दगड. स्टिअरिक अॅसिडच्या रेणूचं एक टोक कॅल्शियमला घट्ट धरतंय आणि दुसरं लांब शेपूट पाण्याला जवळ येऊ देत नाही. चुना, खडू, संगमरवराची पावडर यांच्यावर ते नीट चिकटतं, तिथं कॅल्शियम स्टिअरेट म्हणजे एक प्रकारचा चुन्याचा साबण तयार होतो जो पाण्यात विरघळत नाही. बेसाल्टवर मात्र तशी पकड बसत नाही, नुसतं मेण फासल्यासारखं होतं, म्हणून पाण्यात ढवळल्यावर सुटून वर आलं. बेसाल्ट किंवा वाळूच वापरायची असेल तर सिलेन, सिलिकॉन जातीचं केमिकल लागतं.

घरी बघायचं तर खडूची बारीक पावडर (कॅल्शियम कार्बोनेटची, शाळेतले खडू बरेचदा जिप्समचे असतात ते नको) उन्हात कडक वाळवा, एक किलोला वीस ग्रॅम स्टिअरिक अॅसिड घ्या. ते साधारण ७० डिग्रीला वितळतं, त्यामुळे मंद आचेवर भरपूर हलवत राहिलात तरी पुरतंय. तोंडाला मास्क लावा, बारीक धूळ हाय ती. गार झाल्यावर चिमूटभर पाण्यावर टाका, तरंगली तर जमलं. त्या पावडरीवर थेंब सोडून ताटली तिरपी केली की थेंब अंगाला पावडर लावून गोटीसारखा घरंगळतो, बघण्यासारखं असतं.

आता मुख्य गोष्ट. कण पाणी झिडकारतात म्हणजे थर पाणी अडवतो असं नाही. कणांमधल्या फटी तशाच असतात. फटी मिलिमीटरभर असतील तर वर सेंटिमीटरभर पाणी साचलं तरी ते आत घुसतं, फटी दहापट बारीक असतील तर साधारण दहा सेंटिमीटरपर्यंत तग धरतो. म्हणून जाड वाळूचा थर टाकून उपयोग नसतोय, कण जितका बारीक आणि थर जितका दाबलेला तितकं बरं.

गवंडीकाम तीस वर्षं
वरचं बरोबर हाय पण एक राहिलं. सगळाच माल पाणी न पिणारा केला तर तो कालवणार कसा बाबा? चुन्याला घट्ट व्हायला पाणी लागतं, हवा लागते. पूर्ण मेणवलेली पावडर चुन्यात टाकली की ती वर तरंगते, माल फुटका होतो, थापीला धरत नाही अन् वाळल्यावर हातानं भुगा होतो. एका ठिकाणी पोरांनी उत्साहात भसाभस ओतली, अख्खा गिलावा खरवडून काढावा लागला. चुन्याच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आत ठेवा. प्लास्टिकच्या धंद्यात लागतं ते कॅल्शियम स्टिअरेट तयार पावडर मिळतंय, तेच कोरड्या चुन्यात आधी नीट मिसळायचं अन् मग पाणी.

आमचे म्हातारे चुन्यात जवसाचं तेल घालायचे, दोन चमचे इकडंतिकडं, त्याचाही चुन्याशी साबणच होतो. तुमची डस्ट फेकू नका, तीच चुन्यात भरणी म्हणून जाते, फक्त न मेणवलेली घ्या. आणि काळी माती अजिबात नको, ती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते, अन् एकदा भेग पडली की वर काय लावलंय ह्याला काही अर्थ उरत नाही.

किल्लारीजवळचा
चार इंच वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. दहा बाय दहाच्या खणावर तीन इंच माती ओली झाली की सव्वा टनाच्या घरात जाते. तुम्ही दरवर्षी टाकताय, आधीची काढताय का? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे आमच्या भागात भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती अन् वर वर्षानुवर्षं साठलेल्या मातीचं ओझं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली, माझ्या चुलत्याचं घर त्यातच गेलं. म्हणून हात जोडून सांगतो, आधी माळवद खणून किती जाड हाय ते बघा, जुनी माती उतरवा, किलच्या (मातीखालच्या लाकडी पट्ट्या) अन् सर (तुळया) कुजलेत का ते काढून बघा, मगच वर काही टाका. थर पातळच पाहिजे.

केजकडचा
काका, खरं सांगतो, ह्याचा विचारच केला नव्हता. काल मधल्या खणात खणून बघितलं तर दीड हात माती निघाली. खालची एक किलची बोटानं दाबली तर आत गेली, नेमकी गळतीच्याच जागी. काढायला सुरुवात केलीय, आजीला तोवर शेजारच्या खोलीत नेलंय.

रसायनवाले दादा, वरून फवारायचं केमिकल येतं म्हणे, ते चालेल का?

रसायनवाला परभणी
सिलिकोनेट म्हणता का? विटा-दगडाच्या भिंतीला चांगलं हाय, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ते घट्ट होतं आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतं, रंगासारखं कोंडून ठेवत नाही. पण आत थोडंच मुरतं, भेग बुजवत नाही, साचलेलं पाणी थोपवत नाही. मातीचं छप्पर वाचतं ते उतारानं. पन्हाळाकडं नीट ढाळ द्या, गवत उपटा, पन्हाळ भिंतीपासून लांब काढा. फवारायचं झालंच तर हातमोजे अन् चष्मा घाला, अतिशय अल्कधर्मी असतं, कातडी सोलते.

केजकडचा
अपडेट. चुना, डस्ट आणि एक टक्क्याच्या आत कॅल्शियम स्टिअरेट अशा चार वड्या पाडल्या, चार बिगर स्टिअरेटच्या. महिनाभर सावलीत ठेवल्या, मधूनमधून पाणी शिंपडलं. काल थेंब टाकले तर साध्या वडीवर लगेच काळा डाग पडला, दुसरीवर थेंब तसाच गोल उभा, फुंकर मारली की सरकला. रात्रभर बुडवून ठेवून सकाळी फोडली तर कडेला नखाएवढी ओल अन् आत कोरडं.

किलच्या बदलल्या, माती वीतभरावर आणली, ढाळ दिला. आता वर एक इंचाचा थर ह्याच मालाचा. गवंडीकाका, एका दिवसात सगळा खण ओढायचा की पट्टे पाडून?

गवंडीकाम तीस वर्षं
एकाच दिवशी, सांधा ठेवू नको. सकाळी लवकर सुरू कर अन् वर ओली गोणपाटं टाक.